हाय-न्हायचं यंत्र

मास्तरांनी माझी अकरा नंबरची विणायची सुई नेली ती कायमची. आठ दिवसांनी मागायला गेले तर म्हणाले, "बाई, स्वेटर काय, कुणीबी विणंल. ह्या सुईला आता डोकं आलंय." जोडीतली एक सुई गेल्यावर दुसरीचं काय लोणचं घालायचं? माझ्या भावाचा स्वेटर त्या वर्षी एका बाहीवर थांबला, आणि तो अजून मला ते ऐकवतो.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कलाविद्यालयात मी शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. मास्तर तिथले सगळ्यांत जुने. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही तेच शिकवायला होते आणि तेव्हाही तेवढेच म्हातारे दिसायचे. ठेंगणी मूर्ती, सतत घाई, आणि शर्टाला मुद्दाम शिवून घेतलेले चार खिसे. एकात शिंप्याची टेप, दुसऱ्यात स्टीलची फूटपट्टी, तिसऱ्यात भिंग आणि चौथ्यात भडंग. वर्गात घाईघाईत भिंगाऐवजी भडंगाची मूठ बाहेर यायची. मग मास्तर ती आधी खाऊन टाकत आणि पोरांना ताटकळत ठेवून पुन्हा भिंग शोधत.

चित्रकला शिकवणाऱ्या माणसानं डोळ्याला नावं ठेवावीत हे जरा विचित्रच. पण मास्तरांचा डोळ्यावर राग होता. "डोळ्यावर इस्वास ठेवू नका," असं ते पहिल्याच तासाला बजावत. "डोळा लई भिडस्त. चित्राखाली मोठं नाव दिसलं की चप्पल काढून आत जातोय आणि हात जोडून बसतोय."

त्यात तथ्य होतं. आमच्या गावात एक थोर व्यक्तिचित्रकार होऊन गेले. सगळे त्यांना नुसतं गुरुजी म्हणत. मी शिकायला येण्याआधीच ते वारले होते. कोल्हापुरात तेव्हा पणजोबांचं तैलचित्र नाही असं बरं घर सापडणं कठीण, आणि ते चित्र खुद्द गुरुजींनी काढलेलं आहे असं न सांगणारा घरमालक सापडणं त्याहून कठीण. मास्तरांनी एकदा हिशेब मांडला होता की हे सगळं खरं मानलं तर गुरुजींनी पाळण्यात असल्यापासून रोज दोन चित्रं काढली असली पाहिजेत.

मग खरं कसं ओळखायचं? मास्तरांचं उत्तर होतं: कान बघा. "चेहरा गिऱ्हाईक बघतंय, म्हणून तिथं चित्रकार सावध असतोय. कान कोण बघतंय? नखं कोण बघतंय? तिथं हात आपला आपण चालतोय. जलमभर तोच कान." म्हणून ते दर रविवारी सायकल काढून लोकांच्या पणजोबांचे कान मोजायला जात.

पुढं पुढं मलाही बरोबर नेऊ लागले. बाईमाणूस बरोबर असलं की लोक दार उघडतात, असा त्यांचा अनुभव होता. एकदा आम्ही एस.टी.नं कागलला गेलो. तिथं एका मोठ्या शेतकरी घराच्या सोप्यात पणजोबांचं भलं थोरलं चित्र होतं. मास्तरांनी नमस्कार केला, "चित्र बघायचं हुतं," एवढंच सांगितलं आणि स्टूल ओढून वर चढले. घरातल्या मावशींनी स्टुलावरच्या मास्तरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा काय समज व्हायचा तो झाला. मला पाटावर बसवलं. कांदेपोहे आले. "स्वयपाक येतोय न्हवं समदा?" असं विचारलं. शेतात ट्रॅक्टरवर असलेल्या मुलाला बोलावणं गेलं. तो तोंड धुऊन, भांग पाडून समोर येऊन बसला आणि आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मी तिशीची, अजून लग्न न केलेली. काय चाललंय ते मला पोह्यांच्या दुसऱ्या घासालाच कळलं होतं, पण पोहे फार चांगले होते.

मास्तर स्टुलावरून उतरले ते थेट त्या मुलाजवळ गेले. "जरा मान वळवा, पावणं," म्हणत त्यांनी त्याच्या कानाला टेप लावली. पुन्हा स्टुलावर चढले, पुन्हा उतरले. मग मास्तरांनी ठणकावून निकाल दिला, "ह्यो कान तुमच्या घराण्यातला न्हाय!"

त्यांना म्हणायचं होतं की चित्रकारानं पणजोबांचा कान बघून काढलेला नाही, आपल्या सवयीचा कान चिकटवून दिला आहे. पण तेवढं म्हणायला सवड कुणी दिली? मुलाचे चुलते उठून उभे राहिले. "कुणाच्या घराण्याबद्दल बोलताय ओ, मास्तर?" मावशींनी पोह्यांची बशी माझ्या हातातून काढून घेतली. आम्ही स्टँडपर्यंत जवळजवळ पळत आलो. एस.टी.त बसल्यावर मास्तर भडंग खात समाधानानं म्हणाले, "कान गुरुजींचा न्हाय म्हंजे न्हाय. एक घर कमी झालं."

पंधरा वर्षं असे कान, डोळे आणि हात मोजून त्यांनी ते यंत्र तयार केलं होतं. यंत्र म्हणजे पत्र्याची एक पेटी आणि तिच्यात जाड पुठ्ठ्याची दीडशेक कार्डं. एका चित्रकाराचं एक कार्ड. गावातले जिवंत आणि मेलेले सगळे चित्रकार, गुरुजींचे सगळे शिष्य, पाट्या रंगवणारे, फोटोवर रंग चढवणारे, कुणी सुटलं नव्हतं. प्रत्येक कार्डाच्या कडेनं चाळीस भोकं. कानाची बारा, डोळ्यांची बारा, हाताची सोळा. एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे का? बुबुळात उजेडाचे ठिपके दोन आहेत का? उत्तर हो असलं तर मास्तर त्या भोकापासून कार्डाची कड कातरून टाकत, म्हणजे भोकाला बाहेर पडायला वाट होई. नाही असलं तर भोक तसंच.

आता एखादं बिननावाचं चित्र आलं की पहिला प्रश्न विचारायचा, सगळ्या कार्डांच्या पहिल्या भोकातून माझी सुई घालायची आणि उचलायची. ज्यांची कड कातरलेली ती कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. उत्तर हो असेल तर पडलेली घ्यायची, नाही असेल तर लटकलेली. मग त्यांच्यात दुसरा प्रश्न. असं करत करत शेवटी एकच कार्ड हातात राहतं, आणि तो चित्रकार.

उत्तरं देण्याचं काम मास्तर स्वतः कधी करत नसत आणि मलाही करू देत नसत. आम्हाला चित्रातलं कळतं, म्हणजे आमचा डोळा भिडस्त. त्यासाठी त्यांनी आमचे शिपाई दत्तूबा यांना नेमलं होतं. दत्तूबा कॉलेजात तीस वर्षं होते आणि चित्रांवरची धूळ झटकण्यापलीकडं त्यांचा चित्रांशी संबंध नव्हता. हातात भिंग देऊन त्यांना चित्रापुढं उभं करायचं. मास्तरांनी विचारायचं आणि दत्तूबांनी फक्त "हाय" किंवा "न्हाय" म्हणायचं. तिसरा शब्द काढला तर मास्तर ओरडत. "दत्तूबा, तुमचं मत इचारलंय का? जगातलं समदं ज्ञान हाय आणि न्हायमधी बसतंय."

पेटीवर त्यांनी झोकदार अक्षरात रंगवलं होतं: 'कृत्रिम बुद्धी. हात लावू नये.' प्राचार्यांनी ते वाचून विचारलं, "आणि मास्तर, नैसर्गिक बुद्धीचं काय?" मास्तर म्हणाले, "तिला कॉलेजात कुणी हातच लावत न्हाय, मग बोर्ड कशाला रंगवायचा?" तेव्हापासून प्राचार्य संधीची वाट बघत होते.

त्याच सुमाराला जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर आल्याची बातमी आली. मास्तरांना राहवेना. मला घेऊन गेले. गार हवेच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, तेव्हाच मास्तर हळवे झाले. आत कपाटाएवढी धुडं गुरगुरत होती. तिथल्या तरुण ऑपरेटरला मास्तरांनी खिशातून एका कानाचा फोटो काढून दाखवला आणि विचारलं, "ह्यो कुणाचा, सांगंल का?"

ऑपरेटर बिचारा गोंधळला. "मास्तर, ह्यो उसाची वजनं बघतोय. कान न्हाय बघत."

"ते राहू दे. आत काय भाषा बोलतोय त्यो?"

"आत काय, एक आणि शून्य. म्हंजे आपलं, हाय किंवा न्हाय."

मास्तरांनी त्या पोराला तिथंच मिठी मारली. परतताना सगळ्या वाटेवर ते एकच वाक्य घोळवत होते, "बाई, माझंच यंत्र हाय की ओ ते! नुसती वीज जोडलीया." मी म्हटलं, "आणि सुई माझी आहे." त्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

परदेशात कॉम्प्युटर आपला आपण चित्र काढतो असंही त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून रणधुमाळी झाली. यंत्राला भावना नाही, आत्मा नाही, वगैरे सगळे बोलले. मास्तर म्हणाले, "आपली पोरं तरी काय वेगळं करत्यात? आपण सांगतो ते काढत्यात." हे सिद्ध करायला त्यांनी सापशिडीचा फासा घेतला. एक पडला तर झोपडी, दोनला नारळाचं झाड, तीनला होडी, चारला दोन डोंगरांमधला सूर्य, पाचला उडते बगळे, सहाला डोक्यावर घागर घेतलेली बाई. फासा कागदावर कुठं टाकायचा त्याचेही नियम. दत्तूबांनी फासा टाकला आणि पडेल ते पडेल तिथं काढलं. होडी डोंगरावर आली आणि सूर्य तिच्या खाली. मास्तरांनी ते चित्र गुपचूप वार्षिक परीक्षेच्या गठ्ठ्यात सारलं. गठ्ठा तपासला खुद्द प्राचार्यांनी. दत्तूबांना बासष्ट मार्क मिळाले आणि शेरा होता, 'कल्पनाशक्ती चांगली, आत्मा जाणवतो.' मास्तरांनी ते चित्र चौकट करून शिक्षकांच्या खोलीत लावलं. दत्तूबा रोज त्याच्यावरची धूळ जरा जास्त मन लावून झटकू लागले.

प्राचार्यांना हवी होती ती संधी वार्षिक प्रदर्शनात मिळाली. मुंबईहून एक कलासमीक्षक पाहुणे म्हणून आले होते. प्राचार्यांनी भाषणात हसत हसत सांगितलं की आमच्याकडं एक यंत्र आहे, पाहुण्यांनी त्याची परीक्षा घ्यावी. मास्तरांना त्यात काही काळंबेरं दिसलं नाही. नवा शर्ट घालून, पेटी घेऊन ते हजर. सभागृह गच्च भरलेलं. पाहुण्यांनी कागद चिकटवून सह्या झाकलेली चार चित्रं एकामागून एक दाखवली. दत्तूबांनी हाय-न्हाय केलं, मी उत्तरं कागदावर लिहीत गेले, सुई खाली-वर झाली आणि चारही नावं अचूक आली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांचा चेहरा जरा उतरला.

मग त्यांनी सभागृहाच्या मधोमध लावलेल्या चित्राकडं बोट दाखवलं. पानदान पुढं घेऊन बसलेल्या बाईंचं चित्र. गुरुजींचं सगळ्यांत गाजलेलं. त्यात त्या बाईंनी पानदानावर जो हात टेकवला आहे त्याच्यावर दर वर्षी कुणी ना कुणी भाषण करायचंच. असा हात पुन्हा होणे नाही, त्वचेखालचं रक्त दिसतं, असं काय काय. आम्ही शिकत असताना त्या हाताची नक्कल करून करून आमच्या पेन्सिली झिजल्या होत्या.

"आता या हाताचं सांगा," पाहुणे म्हणाले. "यंत्राला गुरुजी ओळखू येतात का बघू."

मास्तरांचा चेहरा पडला. "हात कशाला? कान घ्या की. कान बेस्ट हाय तिचा."

"नाही, हातच."

मास्तरांनी चित्राकडं पाठ केली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. दत्तूबा स्टुलावर चढून भिंगातून बघत होते. नख रुंदीपेक्षा लांब आहे का? "हाय." करंगळी शेजारच्या बोटाला टेकली आहे का? "न्हाय." कार्डं गळत चालली. चौथ्या प्रश्नाला गुरुजींचं कार्ड खाली पडलं, जिथं लटकून राहायला हवं होतं. सभागृहात कुजबुज झाली. नवव्या प्रश्नाला शेवटची दोन कार्डंही गेली. सुईवर काही नाही आणि टेबलावर सगळी बाद झालेली कार्डं. प्रश्न मास्तरांनी सोळाव्यापर्यंत रेटले, मी उत्तरं लिहिली, पण उचलायलाच काही उरलं नव्हतं.

पाहुणे म्हणाले, "म्हणजे हा हात कुणीच काढलेला नाही. बाईंना तो आपोआप उगवला असावा!"

सभागृह हसून लोळलं. प्राचार्य सगळ्यांत जोरात. हसले नाहीत ते फक्त दत्तूबा. स्टुलावरून उतरत ते म्हणाले, "मास्तर, दिसलं ते सांगितलं बगा." मास्तरांनी कार्डं गोळा केली, पेटी काखेत मारली आणि निघून गेले.

तीन दिवस ते कॉलेजात आले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवर ते एकटेच राहत. सगळ्या सामानावर पिठाचा पातळ थर. मास्तर कॉटवर बसले होते आणि पेटी दाराशी ठेवली होती.

"भडंगवाल्याला सांगितलंय," ते म्हणाले. "उद्या सांजच्याला कॉलेजात या, यंत्र तिथनंच देतो म्हटलंय. पुठ्ठा जाड हाय. भडंग खायला चमच्यासारखा वापरता येतोय."

"पंधरा वर्षांचं काम! एका हातासाठी?"

"ज्येला गुरुजींचा हात कळत न्हाय, त्ये यंत्र काय कामाचं, बाई?"

"पण कदाचित तो गुरुजींचा नसेलच."

"गुरुजींचाच हाय. मला ठावं हाय." मग त्यांनी सांगितलं. मला ते कधीच माहीत नव्हतं. बाविसाव्या वर्षी मास्तर गुरुजींच्या हाताखाली होते. गुरुजी चेहरा रंगवायचे आणि साडी, दागिने, पानदान असलं काम शिष्यांवर टाकायचे, हा त्या काळचा रिवाजच. पानदानवाल्या बाईंच्या वेळी त्यांनी पहिल्यांदाच हात रंगवायला दिला, तो मास्तरांना. मास्तर त्या हातावर अकरा दिवस बसले. अकराव्या दिवशी गुरुजी मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

"सकाळी गेलो तर चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवल्यालं. आणि टेबलावर गुरुजींची पॅलेट नाईफ. तिच्यावर अंगाच्या रंगाचा ह्यो येवढा थर. माझा हात त्येनी खरवडून काढला, बाई. आणि आपल्या हातानं नवा रंगिवला. मी उलट्या पावली परत आलो. शाळेत नोकरी धरली. त्येच्यानंतर कॅनव्हासला ब्रश लावला न्हाय."

तर हे असं होतं. दर वर्षी पाहुणे त्या हाताची वाहवा करत तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या या माणसाला काय होत असेल, ते मला त्या पिठाळलेल्या खोलीत कळलं. मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त संताप आला. पणजोबांच्या एका कानासाठी बारा प्रश्न विचारणारा माणूस, आणि स्वतःच्या आयुष्याचा निकाल त्यानं एका सुरीवरचा रंग बघून लावून टाकला! बोलून उपयोग नव्हता, त्यांचा विश्वास फक्त यंत्रावर होता. "पेटीत माझी सुई आहे," एवढंच म्हटलं. "आज पेटी नेते, सुई काढून घेते. उद्या कॉलेजात तुमची तुम्हाला."

दीडशे कार्डं मी रिक्षात बसल्या बसल्याच चाळली. गुरुजींचे सगळे शिष्य होते. मेलेले होते, मुंबईला गेलेले होते, एक तर संन्यासी झालेला होता. नव्हते ते फक्त मास्तर. स्वतःला ते चित्रकार समजतच नव्हते, मग कार्ड कशाला करतील?

पण कार्ड करायला त्यांनी काढलेला हात कुठून आणायचा? फळ्यावरचे हात तर तासाअखेरी पुसले जात. मग आठवलं. विद्यार्थी असताना आमचं चित्र चुकलं की मास्तर कागदाच्या कोपऱ्यात झरझर बरोबर काढून दाखवत. माझी चित्रं पुष्कळ चुकत. घरी ट्रंकेतलं जुनं बाड उपसलं तर मी काढलेल्या पुतळ्यांच्या वाकड्यातिकड्या चित्रांच्या कडेला मास्तरांचे सात हात निघाले.

सकाळी कॉलेज भरायच्या आधी मी दत्तूबांना गाठलं. हात कुणाचे ते सांगितलं नाही. भिंग दिलं आणि सोळा प्रश्न विचारले. हाय, न्हाय, न्हाय, हाय. कोऱ्या कार्डाला भोकं पाडली, कडा कातरल्या आणि कार्ड गठ्ठ्यात घुसवलं. मग प्रदर्शनाच्या दिवशी मी लिहिलेला उत्तरांचा कागद पुढं ठेवला आणि सुई चालवायला लागले. चौथ्याला गुरुजी गेले. नवव्याला ती दोन कार्डं गेली, पण या वेळी हातात एक उरलं. ते दहाव्याला टिकलं, बाराव्याला टिकलं. सोळाव्यालाही हातातच होतं.

"गावलं का ओ, बाई?" दत्तूबांनी विचारलं.

"गावलं. कुणाचं असेल, सांगा बघू."

"कुणाचं म्हंजे? मास्तर फळ्यावर काढत्यात तसलीच बोटं हायत की. मी त्या दिवशी स्टुलावरच वळखलं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी इचारलं? हाय का न्हाय, येवढंच सांगायचं हुतं."

संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मास्तर पेटी न्यायला आले. भडंगवाला बाहेर फाटकाशी थांबला होता. मी कार्ड त्यांच्या हातात ठेवलं आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून स्वतः सुई घेतली आणि पहिल्यापासून सगळं केलं. तेच कार्ड आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

"यंत्र चुकलंय," मास्तर म्हणाले.

आता मात्र माझा धीर सुटला. "मास्तर, मी तीन प्रश्न विचारते. दत्तूबांसारखी उत्तरं द्या. तिसरा शब्द काढायचा नाही. गुरुजींना तो हात खरवडताना तुम्ही पाहिलंत?"

"न्हाय. पर..."

"पर नाही! गुरुजींना कधी विचारलंत?"

"न्हाय."

"त्यानंतर इतक्या वर्षांत एकदा तरी त्या हाताकडं जवळून बघितलंत?"

मास्तरांनी हातातली सुई पेटीत ठेवली. "न्हाय," ते म्हणाले.

ते उठले आणि सभागृहाकडं चालू लागले. मी आणि दत्तूबा मागून. दत्तूबांनी दिवा लावला आणि सवयीनं स्टूल पुढं सरकवलं. मास्तर त्याच्यावर चढले. मी भिंग पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. नाक जवळजवळ कॅनव्हासला लावून ते बघत राहिले. फाटकावर भडंगवाला हाका मारत होता. दत्तूबा जाऊन त्याला हाकलून आले, तरी मास्तर तसेच. मला दत्तूबांच्या समोर रडायचं नव्हतं, म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

"खरवडला त्यो आपला चेहरा, माझा हात न्हाय. म्हाताऱ्यानं एक शब्द बोलायचा हुता की ओ," मास्तर बऱ्याच वेळानं म्हणाले. कुणाला ते माहीत नाही. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, मान तिरकी केली, एक पाऊल मागं सरायला गेले आणि स्टुलावर आहोत हे आठवून थबकले.

"बाई," ते म्हणाले, "अंगठा जरा लांबच काढलाय मी."